पिंपातला श्वास

“ओला चोथा पिंपात कोंडू नकोस, सूनबाई. तो श्वास घेतो,” असं सासऱ्यांनी सांगितलं, तेव्हा तिने मान डोलावली आणि झाकण आणखी दोन फेरे आवळलं. बिअरच्या कारखान्यात उरलेला बार्लीचा चोथा आपल्या तळ्यातल्या माशांना खाऊ घालायचा, ही योजना तिची, पदवीही तिची. श्वास घेणारा चोथा ती कुठून मानणार? शिवाय घरात सात महिन्यांचं बाळ. उघड्या पिंपावर बसलेली माशी तिथून दुधाच्या बाटलीवर कुठल्या वाटेने येईल, याचा नकाशा तिच्या डोक्यात तयार होता.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, बाळाचा आवाज ऐकवणाऱ्या मॉनिटरमधून आवाज आला. हुस्सऽऽ. मग ठक, ठक, ठक. पुन्हा हुस्सऽऽ. ती धावली. बाळ मुठी वळून गाढ झोपलेलं. आवाज भिंतीपलीकडच्या खाद्याच्या कोठीतून येत होता.

खिडकीतून तिने तळ्याकडे पाहिलं. सगळे मासे कोठीच्या बाजूच्या काठाशी दाटले होते. शेकडो तोंडं पाण्याबाहेर, उघडत, मिटत, अगदी निःशब्द.

बाळाला काखोटीला मारून ती बाहेर आली आणि कोठीचं लोटलेलं दार ओढून बाहेरून कडी घातली. आतून काहीतरी घोगरं ओरडलं. जाड दारातून शब्द कळेनात. तिने नवऱ्याला फोन लावला. कोठीत काहीतरी आहे म्हणाली. तो म्हणाला, चोथा आहे, तूच ठेवलायस. आणि एवढंच वाटत असेल तर बाबांना हाक मार. बाबा गरजेच्या वेळी सापडतील तर शपथ, ती मनात म्हणाली.

ठकठक वाढली, मंदावली, थांबली. तिला हायसं वाटलं. जे काही होतं ते गेलं.

मासे मात्र गेले नव्हते. वाट पाहत होते. तिच्या हाकेला ते कधी आले नव्हते, नवऱ्याच्या शिट्टीलाही नाही. ते एकाच माणसाला ओळखत. तो खाद्य टाकण्याआधी डबा तीनदा वाजवायचा.

तिने बाळाला बाबागाडीत टाकलं आणि कडी ओढली. आंबूस वाफ तोंडावर आली. पिंपाचं झाकण तिरकं झालेलं. दाराशीच सासरे बसले होते, मिशांपर्यंत चोथ्याने माखलेले, हातात लाकडी हातोडी. हलत नव्हते. काखेत हात घालून तिने त्यांना उघड्यावर ओढलं, तोंडावर पाणी मारलं, बाबा, बाबा, करत राहिली.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे किलकिले केले.

“वायू साठला होता. जरा जरा सोडत होतो,” ते म्हणाले. “दार कुणी लावलं गं?”

तळ्यावर एक तरंग नव्हता.

“वाऱ्याने,” ती म्हणाली.

तुमच्याही घरातली एखादी ठकठक आत्ताच थांबली असेल आणि तुम्हाला बरं वाटलं असेल, तर हे बाजूला ठेवा. आधी बघून या.