शून्य चुकांचा हंगाम

ओडेल क्रीक मस्करॅट्स या बेसबॉल संघाच्या लेफ्ट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, गेल्या एकसष्ट सामन्यांत एकही चूक झालेली नाही. ही नोंद क्लबच्या कार्यालयात आहे, तिच्यावर सही आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. लेफ्ट फील्ड सांभाळणारे गृहस्थ म्हणजे बड श्लेंकर. वय अडतीस, वजन विचारू नये. ट्रॅक्टरच्या जाहिरातफलकाची सावली जिथे पडते तिथे ते उभे राहतात, सूर्यफुलाच्या बिया चघळतात आणि सावली सरकली की तेही सरकतात. चेंडू दहा पावलांवर पडला तर ते त्याच्याकडे आस्थेने पाहतात.

आता बेसबॉलचा गुणलेखक हा न्यायी माणूस. धावत चेंडू गाठलात आणि तो हातातून निसटला, तर चूक तुमची. चेंडू गाठताच आला नाही, तर तो फलंदाजाचा पराक्रम.

याउलट नेस्टर किन्योनेस. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा त्याची, पण तो सगळीकडे दिसायचा. श्लेंकरसाहेब ज्या चेंडूंकडे नुसते पाहायचे, त्यांच्यामागेही हाच पळायचा, मातीत झोकून द्यायचा, दातांतली माती थुंकत उठायचा. दहांतले नऊ अडवायचा, एक निसटायचा. मॅनेजर लाइल प्रूइटने चाळीस वर्षांत असा गडी पाहिला नव्हता, आणि त्याचा या गड्यावर फार जीव होता.

जूनमध्ये क्लबने कामगिरी विश्लेषण संचालिका नेमली. मिस हॅडली. तिने लाइलला बोलावून घेतलं.

"मिस्टर प्रूइट, किन्योनेसच्या नावावर तेवीस चुका आहेत. श्लेंकर यांच्या नावावर शून्य."

"बाई, श्लेंकरने मे महिन्यापासून चेंडूला हात लावलेला नाही."

"म्हणजे पद्धत यशस्वी आहे."

"अहो, त्याच्या वाटचं सगळं नेस्टर धावतो!"

"तेच तर. दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन चुका करतो. पंचवीसच्या वर गेला की करार रद्द."

नेस्टरची बायको गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, मुलगी त्याच शाळेत दुसरीत. करार गेला तर तिघांनाही गाव सोडावं लागणार होतं. लाइलने टेबलावर मूठ आपटली. मिस हॅडलीने टेबल सावरलं.

शिवाय संघ जिंकत होता, त्यामुळे बोलणार कोण? चेंडू टाकणारा वेंडेल टब्ज इतका जबरदस्त होता की समोरच्याची बॅट चेंडूला क्वचितच लागायची. मागे उभ्या असलेल्या मंडळींना फारसं काम पडत नव्हतं, आणि जे पडे ते नेस्टर उरकायचा. विजयाचं श्रेय मात्र मिस हॅडलीच्या आलेखांना गेलं आणि श्लेंकरसाहेब 'क्षेत्ररक्षण मार्गदर्शक' झाले. रोज सकाळी सगळा संघ त्यांच्या शेजारी सावलीत उभं राहण्याचा सराव करू लागला. पहिल्या बेसवरचा गडी चेंडू येताच बुटाची नाडी बांधायला शिकला. मधल्या मैदानातल्याला नेमकी तेव्हाच शिंक येऊ लागली. दोघांनाही प्रशस्तिपत्रं मिळाली.

ऑगस्टपर्यंत मैदानात ताटाएवढे टक्कल पडलेले सात गोल दिसू लागले. बाकी गवत घोट्याच्या वर गेलं. नेस्टरच्या मागे एका टिटवीने अंडी घातली. तिला कोणी त्रास देऊ नये असं परिपत्रक निघालं, कारण तिच्याही नावावर चूक शून्य होती.

तोवर नेस्टरच्या चुका पंचवीस झाल्या. अंतिम सामन्याच्या सकाळी लाइल त्याच्या शेजारी बाकावर बसला.

"नेस्टर, आज पाऊलभरही लांब जायचं नाही."

"स्किपर, तुम्हीच शिकवलंत ना, की हात पुरला नाही तर छाती घाल?"

"शिकवलं होतं. आता विसर."

"आणि चेंडू सरळ अंगावर आला तर?"

"बाजूला हो."

एवढं बोलून लाइलला स्वतःची इतकी लाज वाटली की तो उगाच बॅटी मोजायला उठून गेला.

सामना मार्लो जंक्शनशी होता. शेवटच्या, नवव्या डावापर्यंत मस्करॅट्स एक-शून्यने पुढे होते. तेवढ्यात वेंडेलचा खांदा निखळला. बदली गडी आला आणि सबंध हंगामात पहिल्यांदाच चेंडू एकामागून एक मैदानात येऊ लागले. पहिला श्लेंकरसाहेबांच्या जवळून गेला. त्यांनी आस्थेने पाहिला. दुसऱ्याला नाडी बांधली गेली. तिसऱ्याला शिंक आली. तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही थांब्यांवर, मार्लोचे गडी उभे राहिले.

चौथा चेंडू नेस्टरच्या डावीकडे आला. फक्त दीड पाऊल. नेस्टरचा पाय उचलला गेला. त्याने बाकाकडे पाहिलं. लाइलच्या तोंडात "जा!" आलं होतं. त्याने मान नकारार्थी हलवली. नेस्टरने पाय खाली ठेवला.

चेंडू सरळ घरट्याकडे गेला. सगळ्या मैदानात एकटी टिटवी तेवढी ओरडत धावली, चेंडूला चोच मारली, आणि तो निसटला. गुणलेखकाने पाच मिनिटं नियमपुस्तिका चाळून टिटवीच्या नावावर एक चूक लिहिली. दुसऱ्या दिवशी तिला घरटं रिकामं करण्याची नोटीस लागली.

मार्लोच्या एकोणीस धावा झाल्या. धावून धावून त्यांचाच श्वास कोंडला, तेव्हा पंचांनी सामना थांबवला. फलकावर मस्करॅट्सच्या चुका शून्य झळकल्या आणि चार हजार प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

नेस्टरचा करार दोन वर्षांनी वाढला. तो हातमोजा घेऊन लाइलपाशी आला. मोज्याला मातीचा कण नव्हता.

"नोकरी वाचली, स्किपर. हा तुम्हीच ठेवा. मला आता लागायचा नाही."

लाइल तो कोरा मोजा मांडीवर घेऊन रडला.

नेस्टरचा उचललेला पाय त्या चार हजारांनी पाहिला होता. "जाऊ द्या त्याला!" असं एकही जण ओरडला नाही. तुम्हीही तो पाय पाहिलात, वाचकहो, आणि जागचे हलला नाहीत. फार छान. तुमच्याही नावावर चूक शून्य.