भिकननाना आणि पाहुण्यांच्या चेना

आमच्या भडगावच्या कॉलनीत भिकननानांच्या दारात मोटरसायकल उभी करणं म्हणजे ती नानांच्या हवाली करणं. तुम्ही आत जाऊन पाण्याचा पेला तोंडाला लावेपर्यंत बाहेर गाडी स्टँडवर चढलेली असते, चेनचं लॉक निघालेलं असतं आणि चेन डिझेलच्या पाटीत सुखाने डुंबत असते. तुम्ही ओरडलात तर नाना मान वर न करता म्हणतात, "आते कथा जास? चेन भिजी राह्यनी. च्या ले तवलोंग." म्हणजे, आता जातोस कुठे, तोवर चहा घे.

नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. वर्गात ते शुद्ध, छापील मराठी बोलायचे. गाडीशी मात्र अहिराणीच. पूर्वी मुलांची नखं तपासायचे, आता गाड्यांचे दात तपासतात. दात म्हणजे चेन ज्या दोन चक्रांवर फिरते त्या चक्रांचे. रस्त्याने अनोळखी माणूस जरी गाडीवरून चालला असला, तरी नाना कान टवकारतात आणि हात आडवा घालतात. "थांब रे भो! चेन रडी राह्यनी तुनी. पयले दात दखाड." पोलीस समजून एकाने खरोखरच लायसन काढून दिलं होतं. नानांनी ते बघितलंसुद्धा नाही.

कॉलनीतल्या झिजलेल्या टूथब्रशांवर पहिला हक्क नानांचा. माझी बायको ते फेकत नाही, खिडकीतून त्यांच्या हातात देते. नाना त्या ब्रशने एकेक कडी घासतात. "वरतून चकचक दखास, पन कडीना पोटमा बठ्ठी धूळ शे," असं प्रत्येक गाडीबद्दल म्हणतात, अगदी शोरूममधून आदल्या दिवशी आणलेल्या गाडीबद्दलही. मग फडक्याने पुसणं, वाळवणं, परत चढवणं, गिअर ऑइल थेंब थेंब सोडणं, चाक हाताने फिरवत राहणं. चेन खालून बोटाने उचलून बघतात. ताणली तर वाईट, लोंबली तर वाईट. हे सगळं अर्ध्या तासात होण्यासारखं काम आहे. नाना ते दुपारभर पुरवतात.

एकदा मी मुक्ताईनगरला मेहुणीच्या साखरपुड्याला निघालो होतो. बायकोला नानांकडे एक वाटी परत करायची होती, म्हणून दोन मिनिटं थांबलो. वाटी आत गेली आणि चेन पाटीत गेली. आम्ही पोचलो तेव्हा तिकडे मंडळी बडीशेप चघळत होती. परतीच्या वाटेवर बायको माझ्या खांद्याला न धरता बसली होती. गाडी मात्र लोण्यासारखी चालली, हे मी तिला सांगितलं नाही, कारण मला जीव प्यारा होता.

नगरपरिषदेच्या निवडणुकीत एक उमेदवार मत मागायला आला. त्याचे कार्यकर्ते पुढच्या गल्लीत घोषणा देत गेले आणि तो नानांच्या ओट्यावर तिसरा चहा पीत बसला. तो पडला. नाना म्हणाले, "चेनमुये नही पडना, पयलेपासूनच ढिला व्हता."

खरं तर काकू होत्या तोवर नाना फक्त स्वतःची गाडी घासत. काकू म्हणजे नानांची बायको. आल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, हा त्यांचा हुकूम. काकू गेल्या आणि नानांचा हात लोकांच्या चेनांकडे वळला. त्यांची स्वतःची गाडी अंगणात गोणपाटाखाली उभी असते. मागच्या सीटवर बसणारं कोणी नाही, तर जायचं कुठे, असं ते एकदा सहज म्हणाले होते.

त्यांची एकुलती एक लेक उजू धुळ्याला दिली आहे. ती दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते. जावई प्रकाशराव तिला घेऊन येतात, आमरस-पुरणपोळीचं जेवण होतं, आणि संध्याकाळी निघायच्या वेळी चेन नेमकी वाळलेली नसते. मग दोघांचा मुक्काम पडतो. जावयाला "लेकीला राहू द्या" म्हणायचं हे मुलीच्या बापाचं काम नव्हे, असं नाना मानतात. ते काकूंचं खातं होतं.

या आखाजीला आम्ही पुरुषमंडळी नानांच्या ओट्यावर रिवाजाप्रमाणे पत्ते कुटत बसलो होतो. इतक्यात उजू आणि प्रकाशराव आले, नव्या कोऱ्या स्कूटरवर. नाना पत्ते टाकून उठले. डिझेलची पाटी सकाळपासूनच भरून ठेवली होती. त्यांनी स्कूटरला एक चक्कर मारली, मग दुसरी. खाली वाकले. सगळीकडे प्लास्टिकच प्लास्टिक.

"हिनी चेन कोठे शे?"

"नाही नाना," प्रकाशराव म्हणाले, "हिला चेन नसते. आत पट्टा असतो."

"साफ नही करनी पडत?"

"काहीच नाही."

जेवताना नानांनी आमरसाची वाटी अर्धीच ठेवली. ऊन उतरलं तशी उजूने पिशवी उचलली. नाना त्या स्कूटरशेजारी हातात ब्रश घेऊन नुसते उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढा हट्टी माणूस, अख्ख्या गावाला अडवून धरणारा, आणि स्वतःच्या लेकीला अडवायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

उजूने वाकून नमस्कार केला. "येते बाबा."

नानांनी आशीर्वादाला हात उचलला आणि तो तिच्या डोक्यावरून काढलाच नाही. जावयाकडे न बघता म्हणाले, "आजना दिन राही जाय ना, माय. घर खावाले उठस."

पत्ते पिसणारा हात थांबला.

प्रकाशराव तसे मितभाषी. त्यांनी स्कूटरची सीट उचलली आणि खालून घडी घातलेली लुंगी न् शर्ट बाहेर काढला.

"दरवर्षी आणतो, नाना," ते म्हणाले. "राहा म्हणायला चेनची वाट नका बघत जाऊ."