वाघावरच्या राणीचं टेबल

गंगाखेडच्या एका शाळेत क्लार्क असलेल्या नागसेननं एका रविवारी ठरवलं, की परदेशातल्या एका कंपनीला पत्र टाकायचं. एवढंच ठरवलं होतं. दिवाणाची फळी उचकटायचं तेव्हा मनातही नव्हतं.

त्याच्या मोबाइलवर पिनबॉलचा गेम होता. तिरप्या फळीवर लोखंडी गोळी धावते, खालच्या दोन पट्ट्यांनी तिला परत वर उडवायचं, निसटली की खेळ खलास. अशा मशीनला म्हणायचं टेबल. ही कंपनी जुनी गाजलेली टेबलं हुबेहूब गेममध्ये उतरवायची आणि पुढचं कोणतं हवं, असं तिनं खेळणाऱ्यांना विचारलं होतं. नागसेनला हवं होतं कॉलेजात असताना परभणीच्या स्टेशनजवळ खेळलेलं, वाघावर बसलेल्या राणीचं. त्या टेबलावर आपला हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात नव्हता, असं तो सांगायचा. (सोबत खेळणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.)

पुढच्या एका रविवारी कंपनीचं उत्तर आलं : वर्णनावरून ओळखता येत नाही, फोटो पाठवा.

"ती मशीन कवाच भंगारात गेली," बायको मनिषा म्हणाली. "फोटो कुठला आणता?"

"फोटो कशाला? टेबलच बनवतो! तू फकस्त व्हिडिओ काढ. दिवाळीपर्यंत बघ, साऱ्या जगाच्या मोबाइलवर आपली राणी!"

दुपारपर्यंत दिवाणाची फळी विटांवर तिरपी झाली. तिच्यावर वाट्या उपड्या चिकटल्या, कडेनं सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकले गेले, पट्ट्यांच्या जागी दोन लाटणी आली (एक शेजारच्या कस्तुराबाईंचं), गॅरेजातून बेअरिंगचे लोखंडी छर्रे आले आणि ते उडवायला दाराची स्प्रिंग.

आत स्वयंपाकघरात बोरीहून आलेले सासरे, तात्याराव, पिठलं-भाकरी खात होते.

नागसेननं स्प्रिंग ताणली. पहिला छर्रा फळीला न शिवता थेट दारातून आत गेला. पचक!

"जावईबापू," आतून आवाज आला, "जेवायला घालायचं नव्हतं तर तसं सांगायचं. गोळी कशापायी झाडायलात?"

मिशीचं पिठलं पुसत तात्याराव बाहेर आले. तोवर नागसेनचे आणखी तीन छर्रे लाटण्यांच्या मधून सरळ फरशीवर गेले होते.

"उतार जास्त झालाय," नागसेन म्हणाला.

"सरका जरा."

तात्यारावांनी लाटणी धरली, आणि छर्रा खाली यायचं नावच घेईना. या वाटीवरून त्या वाटीवर, टण् टण् टण्! लाटणं मागायला आलेल्या कस्तुराबाई लाटणं विसरून ओरडायला लागल्या, "डावीकून, तात्या, डावीकून!" शेवटी मनिषाच्या फोनची बॅटरी संपली, छर्रा काही पडला नाही.

व्हिडिओ गेला. आठवडाभर नागसेन शाळेत छाती पुढं काढून वावरला. मग उत्तर आलं. राणीचं टेबल अजूनही ओळखता आलेलं नाही. पण व्हिडिओ आमच्या साऱ्या ऑफिसनं तीनदा पाहिला. आजोबांचा हात अफलातून आहे. त्यांना कोणतं टेबल हवंय, एवढं कृपया विचारून कळवा.

नागसेननं बोरीला फोन लावला. "तात्या, कंपनी विचारायलीय, तुमाला कोणतं टेबल पाहिजे?"

"जेवायचं," तात्याराव ताबडतोब म्हणाले. "तुमच्याकडं खाली बसून गुडघे लय दुखतेत. तुमच्यानं तर काय ते घेनं व्हईना, त्यायलाच पाठवा म्हनावं."