वॉशिंग्टनला निघालेला वेंडेल

"गावसभेला टाय लावून गेलास, तर लोक विचारतील कोण गेलं म्हणून," बटाट्याच्या भांड्यावर झाकण ठेवत हेस्टर नवऱ्याला म्हणाली.

वेंडेलने टाय सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला आणि शेवटी बांधलाच. त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवून झाल्यावर आता त्याला पुरोगामी आघाडीतर्फे वॉशिंग्टनला, थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जायचे होते. आघाडीच्या रोझलिनबाई आज मुद्दाम व्हरमाँट राज्याच्या या कोपऱ्यात येणार होत्या. गावाने जाहीर पाठिंबा दिला तरच उमेदवारी, असे त्यांनी निक्षून सांगितले होते.

शाळेच्या हॉलमध्ये गाव जमले. मार्चात बर्फ वितळून झालेला चिखल बुटांबरोबर आत आला होता. बायका विणत होत्या, मागच्या टेबलावर घरोघरचे पदार्थ मांडले होते. वेंडेल उठला आणि त्याची जीभ सुटली.

"आपण पुरोगामी लोक सारखे वॉशिंग्टनकडे डोळे लावून बसतो. आपलं सरकार आलं की नाचतो, त्यांचं आलं की एका फटक्यात सगळं पुसलं जातं. तिथं फार काही ठेवूच नका. दवाखाना, शाळा, रस्ता, सगळं इथं आणा. केंद्राचे हात आखूड करा, गावाचे लांब करा. पुरोगामी राजकारणाचं भविष्य याच हॉलमध्ये आहे."

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या ओरिन टकरच्या होत्या. मेंढ्या पाळणारा हा कट्टर उजवा शेजारी आयुष्यात वेंडेलच्या कशालाही हो म्हणाला नव्हता. वेंडेल धास्तावला. ओरिनला पटले म्हणजे आपले कुठेतरी चुकलेच, असे त्याला वाटू लागले.

"तर वेंडेलला वॉशिंग्टनला पाठवायला गावाचा पाठिंबा आहे ना?" रोझलिनबाईंनी विचारले.

ओरिन सावकाश उभा राहिला. "माझा विरोध आहे. तिथं काम कमी करायचं आणि इतका चांगला माणूस तिथंच पाठवायचा? वाया जाईल बिचारा. आपलं रस्ते-प्रमुखाचं पद पानगळीपासून रिकामं आहे. कुणी घ्यायला तयार नाही."

"अरे, पण मला रस्त्यांतलं काय कळतं?" वेंडेल कळवळला.

"वॉशिंग्टनमधलं तरी काय कळतं?" ओरिन म्हणाला. "इथं निदान चुकलास तर आम्ही घरी येऊन सांगू."

वेंडेलला रस्ते-प्रमुख करायचे असेल तर हात वर करा, असे सभाध्यक्षांनी सांगितले. डावे, उजवे, कुंपणावरचे, सगळे हात वर गेले. या गावात असे एकमत कोणी पाहिले नव्हते. वेंडेलने आशेने बायकोकडे पाहिले. एका हाताने विणकाम सावरत हेस्टरने दुसरा हात वर केला होता.

"आपल्याच गल्लीत सगळ्यात जास्त चिखल आहे, वेंडेल," ती म्हणाली.

वेंडेलला मनापासून रडू येत होते. पण जेवणे उरकेपर्यंत बाहेर रोझलिनबाईंची गाडी चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतली होती, आणि सगळे गाव नव्या रस्ते-प्रमुखाकडे पाहत होते. तो टायसकट चिखलात उतरला. शेजारी ओरिनने खांदा लावला.

"ओरिन," ढकलता ढकलता वेंडेलने हळूच विचारले, "रस्त्यांसाठी वॉशिंग्टनहून काही मदत मिळते का रे?"

"मिळते की. पण आत्ताच आपण टाळ्या वाजवल्या ना."

गाडी झटक्यात सुटली. खिडकीतून हात हलवत रोझलिनबाई उमेदवार शोधायला पुढच्या गावाला गेल्या.