तांदळातली चमकी

चांगुणामावशी कुठलीही गोष्ट तीन माणसांना विचारल्याशिवाय खरी मानत नाही. गाडी किती वाजता, हे ती आधी कंडक्टरला विचारते, मग पानवाल्याला विचारते, आणि तिसरा माणूस सापडेपर्यंत गाडी निघून जाते. स्वतःच्या वयाचंही तसंच. आधार कार्डावर बावन्न, मतदान कार्डावर अठ्ठावन्न आणि तिसऱ्या कुठल्याशा कागदावर सत्तेचाळीस. मावशी मधलं धरते. "बावन, गुरुजी. खरा मधीच असतो," हे ती इतक्या खात्रीनं सांगते, की एकदा मी घरी जाऊन माझाच दाखला काढून पाहिला होता.

खोडाळ्याजवळच्या आमच्या आश्रमशाळेत ती स्वयंपाकीण आणि मी शिक्षक. आमटीतलं मीठसुद्धा ती तीन पोरांना चाखायला देते. एक म्हणतो खारट, दुसरा म्हणतो अळणी, तिसरा म्हणतो बरोबर. तिसऱ्याला एक भाकरी जास्त मिळते. त्यामुळे आमच्याकडे पहिला यायला कोणी धडपडत नाही, सगळ्यांना तिसरं व्हायचं असतं.

तर परवा तांदळाचं नवं पोतं उसवलं आणि पहिल्याच सुपात मावशीला नाकातली चमकी सापडली. एवढीशी, पिवळी, मधे पांढरा खडा. शाळेतल्या सगळ्या बायांच्या नाकांची तपासणी झाली. सगळी नाकं शाबूत. पोतं तर परमुलखातल्या गिरणीत शिवलेलं, तोंडाला हिंदीत छापलेली चिठ्ठी.

"ठेवून घे आता," मी म्हटलं. "देवानं दिली."

"देव कशाला कोणाची काढून मना देईल?" मावशी भडकली. "ती गिरणीतली बाई असंल. पोती शिवताना पडली असंल. तुम्ही फकत सांगा, खरी हाय का खोटी."

"ते कळून करायचंय काय?"

"खरी असंल तं ती बाई रडत असंल. मंग धाडाय पायजे. खोटी असंल तं ती इसरली असंल. मंग मी सुखानं जेवीन. दोन दिस झालं, मना घास जात नाय."

रविवारी मला शांतपणे आंघोळ करून पेपर वाचायचा होता. पण मावशीनं 'गुरुजी' म्हणून हाक मारली की माझं काही चालत नाही.

खोडाळ्याच्या सोनारानं चमकी कसोटीवर घासली, डोळा बारीक केला आणि म्हणाला, "सोनं आहे. कमी कसाचं, पण सोनं." मी लगेच उठलो. मावशी हलली नाही. "हा एक झाला," ती म्हणाली. म्हणजे आता जव्हारला जाणं आलं. एसटीत दीड तास मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, राग दिसावा म्हणून. मावशी शेजारणीला चमकी दाखवून तिचंही मत घेत होती. "ही धरायची नाय," मला म्हणाली. "ही सोनार नाय."

जव्हारच्या पहिल्या दुकानात मालकानं चमकी हातात घेतली आणि लगेच परत दिली. "सोन्याचं पाणी दिलेलं आहे. आत तांबं."

दुसऱ्या दुकानातला सराफ म्हातारा, भिंगवाला. त्यानं बराच वेळ पाहिलं. "दांडी सोन्याची वाटते," तो म्हणाला. "वरचं फूल पितळेचं. कोणीतरी मोडकी जोडून दिलीय."

माझं डोकं गरगरायला लागलं. एक म्हणतो सोनं, एक म्हणतो तांबं, एक म्हणतो अर्धं-अर्धं. मावशी मात्र शांतपणे हिशेब जुळवत होती.

"म्हंजे मधला हाच," ती म्हणाली. "अर्धी खरी. मंग गुरुजी, ती बाई अर्धी रडत असंल का?"

"अगं मावशी, अर्धी कशी रडेल? एका डोळ्यानं?" मी ओरडलोच. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. म्हाताऱ्या सराफालाही आपलं 'वाटते' खटकलं असावं. त्यानं तेजाबाची बाटली काढली आणि दांडीच्या टोकाला थेंब लावला. थेंब फसफसला आणि हिरवागार झाला.

"चुकलो," म्हातारा म्हणाला. "सगळीच खोटी. खडा काचेचा. जत्रेत वीस रुपयाला मिळते, बाई."

सुटलो एकदाचा! बाहेर आल्याआल्या मी म्हटलं, "चल मावशी, भजी खाऊ. तुझी बाई रडत नाही. विसरली ती."

मावशी दुकानाच्या पायरीवर मटकन बसली.

"नाय, गुरुजी. माझाच चुकला. सोन्याची असती तं तिच्याकडं आजून एक असती. नवऱ्यानं दुसरी घेतली असती. वीस रुपयांची वापरते, म्हंजे तिच्याकडं हीच एक. ती लय रडत असंल."

तिचं बरोबर होतं की चूक, मला अजूनही कळलेलं नाही. पण भज्यांची वासना गेली.

एसटी स्टँडच्या बाकावर तिनं कनवटीतून पोत्याची चिठ्ठी काढली. गिरणीचा पत्ता. "लिवा," ती म्हणाली. "त्यांच्या बोलीत लिवा. बाई, तुझी चमकी गावली. रडू नको."

"नाव काय घालू?"

"चमकी बघितली का वळखंल ती."

गिरणीत शंभर बाया असतील, पाकीट मुकादमच फोडेल, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि लिहिलं. खाली शाळेचा पत्ता घालायला लागलो, तर तिनं माझा हात धरला.

"शाळेचा नको. माझा घाला. सूर्यमाळचा, पाड्यावरचा." मग गाडीच्या फलाटाकडे बघत म्हणाली, "आन लिवा, कदी इकडं आलीस तं माझ्याकडंच उतर. मी एकटीच रहते."

इतकी वर्षं तिच्या हातचं जेवतोय, पण तिच्या घरी कोण कोण आहे, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मान खाली घालून मी लिहीत राहिलो.

"लिवला?" मावशीनं कागदावर वाकून पाहिलं. "आजून एक लिवा. घर धाकला हाय, पन दोघींना पुरंल."