गराडे सरांची बाटली

लोणावळ्याच्या आमच्या शाळेत शिरायचं असेल तर आधी खिशातली काडेपेटी काढून द्यावी लागे. फाटकाशी एक पत्र्याचा डबा, डब्याजवळ शिपाई आणि शिपायाचा भरवसा नाही म्हणून त्याच्या मागे रसायनशास्त्राचे गराडे सर. मुख्याध्यापक असोत की पालक, सर सगळ्यांचे खिसे चाचपायचे. एक गृहस्थ मुलीचं लग्न ठरलं म्हणून पेढे घेऊन आले, त्यांच्या टोपीत काडेपेटी सापडली, तर सरांनी पेढ्यांसकट त्यांना रस्त्यावर उभं केलं.

पवनेचं धरण तेव्हा अजून व्हायचं होतं. मी शाळेत इतिहास शिकवायचो. मला दर तासाला सिगारेट लागे आणि अधूनमधून चहा. असल्या माणसाच्या वाट्याला गराडे सरांसारखा सहकारी यावा, हा निव्वळ अन्याय होता.

या सगळ्याच्या मुळाशी होती एक तपकिरी बाटली. सरांच्या आधीच्या मास्तरांनी कधीतरी इथर मागवलं, थोडंसं वापरलं आणि बाटली कपाटात ठेवून ते बदली घेऊन निघून गेले. गराडे सर आले, त्यांनी कपाट उघडलं आणि तिथल्या तिथे जे थिजले, ते पुढे कित्येक वर्षं तसेच राहिले. बाटलीच्या बुचाभोवती पांढरे खडे धरले होते.

"इथर जुना झाला की बिघडतो," सर मला समजावायचे. "ते खडे नुसते घासले गेले तरी स्फोट. बूच फिरवलं की संपलं. आणि त्याची वाफ! हवेपेक्षा जड. वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते. खोलीच्या या टोकाला बाटली आणि त्या टोकाला दिवा असला तरी वाफ दिव्यापर्यंत जाते, पेट घेते आणि जाळ घेऊन परत येते. तो चालतो हो!"

इथरचा उल्लेख सर नेहमी 'तो' असाच करायचे. "आज ऊन आहे, तो चिडला असेल." "हळू चाला, तो आत आहे." प्रयोगशाळेसमोरून आम्ही सगळे चपला हातात घेऊन जायचो. शेजारच्या वर्गात पानिपत शिकवायचं तेही कुजबुजत. माझ्या एकाही विद्यार्थ्याला त्या लढाईत तोफा होत्या हे कळलं नसेल.

शाळेच्या खालच्या अंगाला गणपतचं चहाचं दुकान होतं. वाफ उताराने गणपतच्या चुलीकडेच जाणार, असा सरांनी हिशेब मांडला आणि त्याला चूल हलवायला सांगितलं.

"आवो सर, माजी चूल बापापासनं हितंच हाय," गणपत म्हणाला. "तुमच्या बाटलीला सांगा की दुसऱ्या वाटंनं जायाला."

सर रोज मधल्या सुट्टीत येऊन त्याच्या चुलीसमोर उभे राहू लागले. नुसते चुलीकडे आणि शाळेकडे आळीपाळीने बघायचे. गिऱ्हाइकांना चहा जाईना. शेवटी गणपतने चूल चढावर नेली आणि माझा चहा तेवढाच लांब गेला.

बाटली टाकून का देत नाही, असं विचारलं की सर म्हणायचे, "उचलणार कोण?" मग सरच तिची राखण करत राहिले. सुट्टीतही शाळेची किल्ली त्यांच्या कमरेला. लग्न केलं नाही. खाणावळीतलं गार जेवण घरी आणून जेवायचे, कारण घरात चूल नव्हती, स्टोव्ह नव्हता, दिवा नव्हता. वास कोटात मुरलेला असतो असं त्यांचं म्हणणं. कोट बाहेर पडवीत टांगायचा आणि रात्री विजेच्या एका पिवळ्या बल्बखाली बसायचं, असा त्यांचा संसार.

सरांची आई बेडशाला, त्यांच्या मूळ गावी, एकटी राहायची. म्हातारी कोरडवाहू तुकड्यावर भात लावायची, स्वतःच पाखरं राखायची. सर दिवाळीलासुद्धा सकाळी जाऊन दुपारी परत यायचे. मुक्काम केला आणि मागे कुणी बूच फिरवलं तर? आई एकदा लोणावळ्याला राहायला आली होती. संध्याकाळी तिने देवापुढे दिवा लावायला काढला आणि लेकाने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"द्येवाफुडं दिवा न्हाई त्या घरात मी पानी बी पिनार न्हाई," असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेली. त्यावर सर मला एवढंच म्हणाले होते, "ती गेली तेच बरं झालं. सुरक्षित राहील." आणि मग पूर्ण तासभर रिकामी परीक्षानळी पुसत बसले होते.

त्या वर्षी भात निघाल्यावर एसटीच्या कंडक्टरबरोबर आईचा निरोप आला. "आता माज्यानं एकटीनं व्हत न्हाई. येत्या बाजारच्या दिशी मी येती, दिवा घिऊन येती. तुज्यापाशी बाटली ऱ्हाईल न्हाईतर मी. बाटली असंल तर माघारी जाईन ती पुन्यांदा न्हाई यायची."

सर दोन दिवस वर्गात चुकीची सूत्रं लिहीत होते. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मी उचलतो."

गणपतने बैलगाडी फुकट दिली. चुलीचा सूड त्याला असाच उगवायचा होता. गाडीत पोटरीइतका भाताचा पेंढा अंथरला, चाकांना गोणपाटं गुंडाळली, बैलांच्या घुंगरमाळा सोडल्या. शाळा रिकामी करून सर एकटेच आत गेले आणि लेकराला न्हाऊ घालून आणावं तसे बाटली ओल्या फडक्यात घेऊन बाहेर आले. ती पेंढ्यात ठेवली. ऊन लागू नये म्हणून वर छत्री धरली आणि गाडीकडे तोंड करून उलटे चालायला लागले. तेवढ्यात एसटी स्टँडकडून डोक्यावर बोचकं घेतलेली त्यांची आई येऊन पोहोचली. तिने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा लेकाकडे, आणि माझ्याबरोबर चालू लागली.

छत्रीखाली काहीतरी झाकलेलं, पुढे उलटा चालणारा घामाघूम माणूस, मागे अनवाणी शिक्षक. वाटेतल्या वस्तीवरच्या बायकांनी जे समजायचं ते समजलं.

"कंच्या द्येवाची पालखी म्हनायची?" एकीने विचारलं.

"इथरबाबाची," गणपत गंभीरपणे म्हणाला. "लय कडक द्येव हाय."

झालं. बाई आत गेली ती पेटवलेलं निरांजन आणि कापूर घेऊनच बाहेर आली. थेट गाडीकडे. मी सर म्हणून ज्यांना ओळखत होतो, त्या पुणेरी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच बेडशाची बोली बाहेर पडली, "आगं माघारी फीर! समद्यांचा कोळसा हुईल!"

बाईला वाटलं, अंगात आलं. तिने कापूर आणखी उंच धरला. सरांच्या हातात छत्री, ती सोडता येईना. मला तर पळायचंही सुचलं नाही. पुढे झाली ती आई. तिने बाईच्या हातातलं ताट शांतपणे घेतलं आणि पार घरामागे नेऊन ठेवलं. "ह्या द्येवाला आरती सोसत न्हाई बये," ती म्हणाली. "लांबनंच पाया पड." दिव्यासाठी लेकाचं घर सोडणारी बाई ती. सर तिच्याकडे बघतच राहिले.

गावाबाहेर माळावर मोकळा कातळ आहे. आम्हाला लांब बांधाआड बसवून सरांनी बाटली तिथे ठेवली आणि ते पळत आमच्यात आले. ठरलं होतं असं की लांबूनच दगडांनी ती फोडायची. मी मारले, गणपतने मारले, सरांनी मारले. आमचे दगड माळभर पसरले, बाटली जशीच्या तशी. इतिहासाच्या माणसाला नेम नसावा याचं मला वाईट वाटलं.

आईने बोचकं सोडलं. त्यात दोन लुगडी, पितळी दिवा आणि पाखरं राखायची गोफण होती.

"ही कशाला आणलीस?" सर म्हणाले.

"सवय हाय हातची," आई म्हणाली. गोफणीत दगड घालून तिने उभं राहून एकदा फिरवली आणि सोडली.

आवाज इतका मोठा झाला की गणपतचे बैल गाडीसकट घराकडे निघाले. कातळावर जाळ उठला, बसला. काळा डाग राहिला. त्या बाटलीपासून एका भिंतीच्या अंतरावर मी इतकी वर्षं पानिपत शिकवत होतो.

आई कातळाकडे बघत म्हणाली, "ह्येच्यापायी येत नव्हतास व्हय रं? आन् मला वाटायचं, बाटलीचं नुसतं निमित्त, शिकल्याला ल्योक, त्याला आईची लाज वाटत आसंल."

सर कातळावर गेले आणि गुरांच्या खुरात जातील म्हणून काचेचे तुकडे एकेक करून वेचू लागले. डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी तोंड आमच्याकडे केलंच नाही.

दिवेलागणीला मी त्यांच्या घरी गेलो. आईने देव मांडले होते, दिव्यात तेल-वात घातली होती आणि दोघंही नुसती बसली होती. घरात काडेपेटीच नव्हती. मी माझी दिली. सरांच्या पहिल्या दोन काड्या मोडल्या. तिसरीने दिवा लागला. आईने हात जोडले आणि मग तांब्याकडे वळून ती पहिल्यांदा त्या घरातलं पाणी प्यायली.

निघताना मी मागे वळून बघितलं. लोणावळ्याचा गार वारा सुटला होता. गराडे सर देवापुढे दाराकडे पाठ करून बसले होते आणि दिवा विझू नये म्हणून त्याच्याभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरून होते.