तेलाचा पिपा आणि हवेवरचे वडे

"विदर्भात तीन गोष्टींना तोड नाही," मधुसूदन नेरकर कोणालाही पहिल्याच भेटीत सांगत. "कापूस, ऊन आणि मी."

मोजणी खात्यातून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपण खाजगी गुप्तहेर झाल्याचं यवतमाळच्या बसस्टँडवर उभं राहून मोठ्यानं जाहीर केलं. आपली नजर घारीची, कान सशाचे आणि डोक्याला मात्र जनावरांत उपमा नाही, असं ते म्हणत. ऐकणारा मनातल्या मनात एखादी शोधून ठेवत असे. यवतमाळात मोठे गुन्हे होत नाहीत याचं श्रेयही त्यांचंच. चोर त्यांचं नाव ऐकतात आणि इथं न उतरता तसेच पुढं वणीला जातात. शेजाऱ्याची हरवलेली बकरी एकदा आपल्या पायांनी घरी परतली, ती आपल्या दबावाखाली शरण आली, असं ते आजही मानतात.

या थोर माणसाचा सहायक म्हणजे राजदीप. तहसील कचेरीजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि दुकानात कूलर होता. नेरकर साहेब उन्हाळ्यात रोज तिथं येऊन बसत, आणि बसता बसता त्यांनी त्याला नेमून टाकलं. पगार नाही, रजा नाही, आणि स्कूटरचं पेट्रोल राजदीपचंच.

पण या खेपेला गुन्हा राजदीपच्याच घरात घडला होता, त्यामुळे त्याला हसू येत नव्हतं.

झालं होतं असं. राजदीपचे वडील उकंडाजी यांचा रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचता वाचता चष्मा काढला आणि तळलेलं बंद करायला सांगितलं. वडाभात, आलुबोंडा, भजी यांच्यावर वाढलेला हा माणूस एकदम गप्प झाला. मग राजदीपनं मोबाइलवर रात्रंदिवस व्हिडिओ पाहिले आणि एअर फ्रायर आणला. काळा, गुळगुळीत, पोटात खण असलेला. "घरातलं तेल अर्ध्यावर येते का नाई पाहा," असं त्यानं साऱ्या गल्लीला छाती पुढं काढून सांगितलं.

यंत्र आलं, पण स्वयंपाकघरातल्या बोर्डाला त्याचा भार झेपेना. लावलं की फ्यूज जायचा. घरात मोठा प्लग एकच, समोरच्या खोलीत, कूलरचा. म्हणून यंत्र समोरच्या खोलीत बसलं, आणि ते चालू असेपर्यंत कूलर बंद. कूलर बंद झाला की त्या खोलीत माणूस उभा राहू शकत नाही. सगळे उठून मागं स्वयंपाकघरात पंख्याखाली जात. समोर उरत असे ती राजदीपची बायको मोनाली. खणात वडे मावायचे मोजकेच, खाणारी तोंडं मोठी, त्यामुळे ती एक खेप मागं पाठवायची, दुसरी लावायची, आणि पदरानं घाम पुसत घंटीची वाट बघत राहायची.

आणि एवढं करून तेलाचा पिपा पूर्वीपेक्षा लवकर संपला!

राजदीपच्या आई रुखमाबाई यांनी रिकामा पिपा वाजवून पाहिला आणि सुनेकडे पाहिलं. "कढई तं महिन्याची बंद हाय. मंग तेल गेलं कुठी? पाय फुटले का त्याले?"

"मले काय इचारता? मी तं वड्याले नुसता ब्रश फिरवतो," मोनाली म्हणाली.

"घाटंजीची बस दर बाजाराले घरासमोरूनच जाते," रुखमाबाई पंख्याकडे बघत म्हणाल्या.

मोनालीचं माहेर घाटंजीचं. सासरचं तेल सून माहेरी पोचवते हा आरोप आपल्याकडे एवढा जुना आहे, की तो करायला पुरावा लागत नाही, नुसती बस लागते. मोनालीचा चेहरा उतरला. राजदीपनं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि जो नवरा अशा वेळी दोघींपैकी कोणालाच काही बोलू शकत नाही तो जे करतो तेच केलं. त्यानं बाहेरचा माणूस बोलावला.

"जय भीम, नेरकर साहेब," उकंडाजी दारात म्हणाले. "बसा. वडाभात हाय."

नेरकर साहेब बसले. तपासाची सुरुवात त्यांनी भिंग काढून केली. त्यांनी एअर फ्रायरचा खण ओढला, आत डोकं घातलं आणि गंभीर चेहऱ्यानं बाहेर काढलं.

"राजदीप, गुन्हेगार सापडला. हे यंत्रच तेल पितं. हवेवर तळतं म्हणतात ना? तेलाची हवा करतं आणि मागच्या जाळीतून सोडून देतं. इथली हवा हुंग. तेलकट आहे की नाही?"

"साहेब, थो तुमच्या शर्टाचा वास हाय," राजदीप म्हणाला. "सकाळी तुमी माह्या दुकानात कचोरी खाल्लती."

साहेबांनी शर्ट हुंगला आणि हा सिद्धांत सन्मानानं मागं घेतला. मग समोरच्या खोलीतला उकाडा त्यांना सोसेना. "निरीक्षण नेहमी आडोशानं करावं," असं म्हणून ते मागं स्वयंपाकघरात पंख्याखाली गेले आणि उकंडाजींच्या शेजारी ताटावर बसले. त्यानंतर रोज जेवणाच्या वेळी ते अगदी वेळेवर निरीक्षणाला येऊ लागले.

दुसरा संशय उंदरावर. पिपा ओट्याखाली, उंदीरही ओट्याखाली, म्हणजे ओळख असणारच. साहेबांनी पिंजरा आणवला आणि आमिष म्हणून त्यात एअर फ्रायरमधला वडा ठेवला. उंदीर आला, वडा हुंगून निघून गेला.

"निर्दोष," साहेब म्हणाले. "या उंदराला लोभच नाही."

राजदीपला वाटलं, लोभ असेल, पण उंदीर यवतमाळचा आहे, कोरडा वडा कशाला खाईल? हे तो बोलला नाही. आता त्याला वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

तिसरा सिद्धांत टोळीचा. शहरात घराघरांतलं तेल चोरून ते पुन्हा डब्यांत भरणारी एक टोळी असली पाहिजे, आणि टोळी म्हटलं की बंद शेड लागते. भर दुपारी स्कूटरवरून दोघं लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेले आणि एका शेडच्या पत्र्याला नाक लावून उभे राहिले. वॉचमन काठी घेऊन आला.

"काय पायजे?"

"सत्य," नेरकर साहेब म्हणाले.

"थे इथं नाई बनत," वॉचमन म्हणाला. "इथं पाइप बनते."

परतताना राजदीपच्या स्कूटरची हवा गेली आणि साहेबांचा उत्साह दुप्पट झाला. आता एकच दिशा उरली, घाटंजी. राजदीप नको नको म्हणत होता, पण त्यांनी रुखमाबाईंना सल्ला दिला, की मोनालीच्या माहेरी फोन लावून गोड बोलत, सहज म्हणून चौकशी करा. रुखमाबाईंना गोड बोलणं जमत नाही आणि सहज तर त्याहून नाही. त्यांनी फोन लावला आणि विहीणबाईंना थेट विचारलं, "तुमच्या घरी सध्या तेल कोन्तं वापरता? अन् येते कुठून?"

पलीकडून फोन बंद झाला.

त्या संध्याकाळी मोनालीनं बॅग भरली. रडली नाही, आदळआपट केली नाही, आणि त्याचीच राजदीपला जास्त भीती वाटली.

"उद्याच्या बसनं चालली मी," ती म्हणाली. "तेलाचा चोर सापडला तं कळवा. नाई सापडला तं थे मशीनही पाठवून द्या घाटंजीले, तेलासंग. तसंही चोरीचा माल म्हणूनच जाईन."

"अवं, थांब ना. साहेब तपास करून राह्यले," राजदीप म्हणाला.

"साहेब जेवून राह्यले," मोनाली म्हणाली.

हे खरं होतं. त्या क्षणी मागच्या खोलीतून नेरकर साहेबांचा आवाज येत होता, "आणखी थोडा भात चालेल." उद्या या घरातून ही बाई गेली, तर आपण झेरॉक्स मशीनसमोर उभं राहून कोणाला काय सांगणार, हे राजदीपला काही केल्या सुचेना. आईला रागवायची हिंमत नव्हती, बायकोची माफी मागायची अक्कल नव्हती. त्यानं खालमानेनं मागं जाऊन आपलंही ताट वाढून घेतलं.

तेवढ्यात समोरचं दार वाजलं. नेरकर साहेबांच्या पत्नी कुंदाकाकू होत्या. नवरा रोज घरी जेवत नाही आणि तरी पँटचं बटण तुटतं, याचा छडा लावायला त्या स्वतःच निघाल्या होत्या. चप्पल काढून त्या समोरच्या खोलीत आल्या आणि उकाड्यानं दचकल्याच.

"अगंबाई! या भट्टीत एकटीच काय करतेस?"

"वडे," मोनाली म्हणाली. बॅग भरलेली होती, तरी शेवटची खेप तीच काढत होती. तिनं रीतीप्रमाणे एक वडा बशीत घालून पुढं केला. काकूंनी खाल्ला. वडा कुरकुरीत होता, मसाला चांगला होता, फक्त घशाशी जाऊन बसला. त्या वर पाणी प्यायल्या.

"तू हा असाच खातेस?"

"सारेच असाच खाते, काकू. मशीनचा असाच रायते. सवय होते."

काकू दुसरा वडा हातात घेऊनच मागं स्वयंपाकघरात शिरल्या, आणि दारातच थांबल्या.

नवऱ्याचं ताट त्यांच्यासमोर होतं. भातावर कुस्करलेले वडे, आणि त्यावर हिंग, मोहरी, लाल मिरची घालून केलेली गरम तेलाची फोडणी. नुसती शिंपडलेली नाही, वडे त्यात बुडालेले. शेजारी उकंडाजींचं ताट तसंच, राजदीपचं तसंच. रुखमाबाई हातात फोडणीचं लोखंडी कढलं धरून विचारत होत्या, "अजून टाकू का, साहेब? कोरडा वडा गळ्याखाली उतरत नाई."

"टाका," साहेब म्हणाले. "तपासाला ताकद लागते."

कुंदाकाकूंनी हातातला वडा नवऱ्याच्या ताटात टाकला. त्यानं बघता बघता सगळं तेल शोषलं आणि तो फुगला. कढईतून निघालेला वडा आधीच तेलानं भरलेला असतो, वरून फारसं घेत नाही. हा आतून कोरडा ठणठणीत. मिळेल तेवढं पीत होता.

"अहो गुप्तहेर," काकू म्हणाल्या, "पिपा कुठं गेला ते ताटात बघा."

रुखमाबाई एकदम म्हणाल्या, "हट्! हे कायचं तेल? हे तं फोडणी हाय! वरून घेतलेलं तेल कोनी तेलात धरते का?"

आणि गंमत अशी, की त्या खोटं बोलत नव्हत्या. आपल्याकडे तेल म्हणजे कढईतलं. भातावर, झुणक्यावर, ठेच्यावर वरून घेतलेली धार म्हणजे चव, आणि चवीचा हिशेब कोणी ठेवत नाही. राजदीपनं स्वतःच्या ताटाकडे पाहिलं. तोही रोज हेच जेवत होता, याच ताटावर बसून चोर शोधत होता, आणि एकदाही त्याच्या डोक्यात उजेड पडला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मले मालूम होतं," उकंडाजी घास गिळून म्हणाले.

"बाबा! मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं फोडणी बंद झाली असती," उकंडाजी म्हणाले. "अन् मले कोनी इचारलं कुठी?"

नेरकर साहेब उठून उभे राहिले. "माझा पहिल्या दिवसापासून याच तेलावर संशय होता. म्हणून तर मी रोज नमुना घेत होतो."

"बसा खाली," काकू म्हणाल्या, आणि ते बसले. मग त्या रुखमाबाईंकडे वळल्या. "बाई, एक विचारू? ही फोडणी मोनालीच्या ताटात कधी पडली?"

मोनाली दारात येऊन उभी होती. ती शेवटची खेप संपवून आत यायची तेव्हा कढलं रिकामं होऊन रुखमाबाईंनी स्वतः धुऊन ठेवलेलं असे, त्या ते दुसऱ्याच्या हाती देतच नसत. प्रत्येकानं आपलं ताट आपण घासायचं हा उकंडाजींचा नियम होता, त्यामुळे ताटंही स्वच्छ. ज्या घरानं मिळून पिपा संपवला, त्या घरात तेलाचा थेंब न चाखलेलं माणूस एकच होतं, आणि चोर म्हणून त्याच माणसाची बॅग भरून दाराशी ठेवली होती.

मोनालीनं सगळ्यांची ताटं एकेक करून पाहिली. महिनाभर ती ते कोरडे वडे पाण्याच्या घोटाबरोबर उतरवत होती. सासऱ्यांसाठी, सगळेच खातात म्हणून. तिचे डोळे आता भरले.

"चुकलं माह्य, पोरी," रुखमाबाई म्हणाल्या. त्यांना हे म्हणताना कोणी कधी ऐकलं नव्हतं, उकंडाजींनीसुद्धा. "बॅग सोड."

"मशीन चांगली हाय," मोनाली डोळे पुसत म्हणाली. "मशीनीत काई खोट नाई. वरून वतत बसले तं कोन्तीही मशीन काय करन? आता समोरच्या खोलीत पाळीपाळीनं सारे उभे राह्यतीन, तुमी बी. थे एक झालं. अन् चुकलं म्हणून भागत नाई, आई. फोन लावा घाटंजीले."

रुखमाबाईंनी राजदीपकडे पाहिलं. राजदीपनं आयुष्यात पहिल्यांदा आईची नजर चुकवली नाही. त्यानं नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"जय भीम, विहीणबाई," रुखमाबाई म्हणाल्या. पलीकडून कोरडं जय भीम आलं. "ऊन लय हाय नाई?"

"हाय."

"कापसाची काय लागवड यंदा?"

"आई," मोनाली म्हणाली.

रुखमाबाईंनी डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकलं, "विहीणबाई, तुमच्या घरी तेल आलं नाई. तुमच्या लेकीनं थेंब नाई देला कोनाले, अन् म्या तिले बी थेंब नाई देला. सारं तेल माह्या पोटात गेलं."